शाळा उघडली, मुले आली का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाईंचा मला निरोप आला, "बाई, वर्धापनदिनाला तुम्हीच बोलायचे. विषय तुमच्या मनाचा. फक्त अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका, चहा निवतो." विषय माझ्या मनाचा म्हटल्यावर मला दुसरे काय सुचणार? सारा जन्म खडूच्या धुळीत गेला. परंतु 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर मी आज बोलणार नाही. ते महत्त्व आपणा सर्वांना पटलेले आहे, आणि पटलेल्या गोष्टीवर अर्धा तास ऐकत बसणे ही शिक्षा आहे. मी एका लहानशा गोष्टीवर बोलणार आहे. वादळ येते, शाळा बंद पडते, आणि चार दिवसांनी ती पुन्हा उघडते. त्या चार दिवसांत काय होते, आणि त्यात आपण बायकांनी काय करावे, एवढाच माझा विषय.

आपल्या वऱ्हाडात शाळेच्या घंटेवर पहिली सत्ता हवेची असते. इतर महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा भरतात; आपल्या विदर्भात त्या आठवडा-पंधरवडा उशिरा उघडतात, कारण तेव्हा आपली टिनाची छपरे तापून तव्यासारखी झालेली असतात. उन्हाचे हे गणित आपल्याला आणि सरकारलाही ठाऊक आहे. त्याची तारीख आधी छापून येते. पण दुसरे संकट तारीख सांगून येत नाही. ते म्हणजे हिवाळ्यातली आणि हिवाळा सरता सरता येणारी गारपीट.

वास्तविक हे दिवस किती सुखाचे! गहू ओंबीवर आलेला, हरभरा सोंगायला झालेला, संत्र्याच्या झाडावर मृगाचे फळ तोडणीला आणि आंबियाचा फुलोरा बहरलेला. पानमळ्यात आणि पानपिंपळीच्या वाफ्यात सकाळी गारवा असतो. अशा वेळी उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट खाली उतरते, समुद्रावरून ओलसर वारे येतात, दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडते. ढग उंचच उंच चढतात. त्यांच्या पोटातला वारा पाण्याचे थेंब वर वर नेतो, तिथे ते गोठतात, खाली येतात, पुन्हा वर जातात. बर्फाचे थरावर थर चढतात, आणि वाऱ्याला तो भार पेलेनासा झाला की गारा होऊन तो आपल्या वावरावर कोसळतो. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस विदर्भात अशा गारा पडल्या. पण मी आज सांगणार आहे ती हकिकत २०१४ सालची आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांना पावसाने आणि गारांनी झोडपले, हे आपल्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. ज्यांचे वावर होते त्यांना तर ते विसरणे शक्यच नाही.

त्या वेळी मी आपल्याच तालुक्यातल्या एका लहान गावी शाळेची मुख्याध्यापिका होते. पहिली ते सातवी, चार खोल्या. दोन खोल्यांवर पक्का स्लॅब आणि दोन जुन्या खोल्यांवर टिने. दुपारचे साडेतीन झाले असतील. एकाएकी आभाळ काळेनिळे झाले, वारा सुटला, पटांगणातली धूळ खिडकीतून आत आली आणि मुले ओरडली, "बाई, सोडा ना, घरी जातो!" दोघेतिघे पालकही फाटकाशी येऊन उभे राहिले. मी नाही म्हटले. सगळ्या मुलांना स्लॅबच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसवले, खिडक्या लावल्या, विजेचे बटण बंद केले. पाच मिनिटांत टिनांवर दगडफेक व्हावी तसा आवाज सुरू झाला. बोराएवढ्या गारा, मग लिंबाएवढ्या. एक लहानगी माझ्या पदरात तोंड खुपसून बसली होती. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर पाहिले तर अंगण पांढरेशुभ्र, आणि जुन्या खोलीची टिने समोरच्या लिंबाच्या झाडाला लटकलेली!

भगिनींनो, त्या दिवशी मी एक गोष्ट बरोबर केली आणि पुढच्या पंधरवड्यात एक गोष्ट चुकले. बरोबर केले ते आधी सांगते, म्हणजे चूक कबूल करताना थोडे बळ येईल.

वादळ डोक्यावर असताना मुले सोडली नाहीत, हे बरोबर केले. पुढे माझ्या वाचनात आले की अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलुखात १२ जानेवारी १८८८ रोजी एक भयंकर हिमवादळ झाले होते. त्या दिवशीची सकाळ थंडीच्या मानाने उबदार होती, म्हणून मुले पुरेसे गरम कपडे न घालताच शाळेला गेली. वादळ अचानक आले आणि पुष्कळ मुले घराच्या वाटेवर त्यात सापडली. सुमारे २३५ माणसे दगावली असे सांगतात. त्यांत शाळकरी मुले इतकी होती की ते वादळ शाळकरी मुलांचे वादळ म्हणूनच ओळखले जाते. म्हणून आपल्याला एवढे सांगते: आभाळ फाटत असताना शाळेच्या फाटकाशी जाऊन "माझे लेकरू सोडा" म्हणून हट्ट धरू नका. वीज कडाडत असताना वावरातली वाट आणि झाडाचा आडोसा या दोन्ही ठिकाणांपेक्षा पक्क्या भिंतीची खोली बरी.

आता चुकीकडे येते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. आपल्या तालुक्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. शेंडगाव आपलेच. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी तिथे जन्मलेल्या त्या महापुरुषाने हातात खराटा घेऊन उभ्या महाराष्ट्राला सांगितले की आधी गाव झाडा, मग कीर्तनाला बसा. गाडगेबाबांची जयंती नुकतीच झाली होती, मुलांनी त्यांच्यावर भाषणे केली होती. मी म्हटले, आता भाषणाचे काम झाले, खराट्याचे सुरू करू. गावातल्या बायका खराटे आणि टोपली घेऊन आल्या. काच वेचली, चिखल काढला, भिजलेल्या सतरंज्या वाळत घातल्या. पोषण आहाराच्या तांदळाची दोन पोती ओली झाली होती. ती बाजूला काढली आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना बजावले की वास पाहून ठरवायचे नाही, ओला तांदूळ मुलांच्या ताटात जायचा नाही. पाण्याची टाकी उपसून धुतली. तारा तुटल्या होत्या, त्या वायरमनने पाहिल्याखेरीज बटणाला हात लावू दिला नाही. उघड्या पडलेल्या दोन खोल्यांना कुलूप घातले, जवळ कोणी जाऊ नये म्हणून दोरी बांधली, आणि चौथ्या दिवशी स्लॅबच्या दोन खोल्यांत सातही वर्ग बसवून मी घंटा दिली.

वरच्या कार्यालयाला कळवले, "शाळा पूर्ववत सुरू." सही केली. मनातून मला फार अभिमान वाटला. शेजारच्या गावच्या शाळा अजून बंद होत्या, माझी उघडली होती!

हजेरी घेतली. पटावर चौसष्ट मुले. आली एकेचाळीस. मी मनाशी म्हटले, येतील हळूहळू, घरोघर पडझड आहे. दुसऱ्या दिवशी सेहेचाळीस, आठवड्याने पंचावन्न. जी आली नव्हती त्यांच्या नावापुढे मी रोज तांबड्या शाईने 'गै' लिहीत गेले. गैरहजर. हजेरीपटावर तेवढे एक अक्षर लिहिले की मास्तरचे कर्तव्य संपते, असे आम्हा मास्तरांना वाटते.

त्या 'गै'मध्ये सातवीतली एक मुलगी होती. हुशार, अक्षर मोत्यासारखे, कधी शाळा न बुडवणारी. अकरावा दिवस उजाडला तेव्हा मला राहवले नाही. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले.

घर कुडाचे. वरची टिने उडून गेलेली, त्या जागी ताडपत्री बांधलेली. बाप रोजमजूर. हरभऱ्याच्या सोंगणीवर दोन महिने काढायचे, तर सोंगायला हरभराच उरला नाही. आई चुलीपाशी होती. मला पाहून गडबडली. म्हणाली, "रागाऊ नका बाई. म्या तिले रोज म्हनतो, जाय वं शाळेत. ते आयकतच नाही. रडतच बसते."

मुलगी आतल्या कोपऱ्यात होती. बाहेर येईना. शेवटी आली ती हातात एक पुडके घेऊन. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेले शाळेच्या वाचनालयाचे पुस्तक! वादळाच्या रात्री ते भिजले होते. तिने एकेक पान चुलीच्या शेकाने वाळवले होते. पुस्तक फुगून दुप्पट झाले होते, काही पाने एकमेकांना चिकटली होती. ते माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "बाई, याचे किती पैसे होतात? माह्याजवळ चाळीस रुपये जमले."

मला आधी कळेचना. मग तिच्या आईने सांगितले. वावरात मोडून पडलेल्या हरभऱ्याचे घाटे ती रोज वेचायला जात होती. सरवा वेचून, विकून, तिने ते चाळीस रुपये पदराच्या गाठीला बांधून ठेवले होते. पैसे पुरे झाले की पुस्तकाची भरपाई करायची आणि मगच शाळेत तोंड दाखवायचे, असे तिने ठरवले होते.

मी पुस्तक उघडले. पहिल्याच पानावर चिठ्ठी चिकटवलेली होती: 'पुस्तक खराब केल्यास किंमत भरावी लागेल.' अक्षर माझे होते. प्रत्येक पुस्तकात मी स्वतः बसून ती चिठ्ठी चिकटवली होती, आणि मला त्याचाही अभिमान होता! त्या पुस्तकावर छापलेली किंमत होती पंचवीस रुपये.

भगिनींनो, मी त्या घरात फार वेळ काही बोलू शकले नाही. मी टिनांची मोजणी केली, तांदळाची पोती तपासली, तारा पाहिल्या. परंतु वादळानंतर एखादे मूल काय विचार करीत असेल, याची चौकशी करायला मला अकरा दिवस लागले. आणि तिला घरी बसवणारे कारण गरिबी नव्हते, आईबाप नव्हते, गाराही नव्हत्या. ते कारण माझीच एक चिठ्ठी होती.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली. सातवी झाली, पुढे इथे अंजनगावला येऊन दहावी झाली. आज तिचे लेकरू अंगणवाडीत जाते. हे सुखाचे झाले. पण त्याच संध्याकाळी मी दुसऱ्या एका दाराशी गेले, त्या दाराला कुलूप होते. पाचवीतला एक मुलगा होता. शेजारीण म्हणाली, "ते गेले बाई कमाईले. आठ दिवस झाले." कुठे? "पुन्याकडे म्हनत होते." पत्ता नाही, ओळखीचे कोणी नाही, शाळेचा दाखला नेलेला नाही. मी पुढे पुष्कळ विचारपूस केली. तो मुलगा तिथे कुठल्या शाळेत बसला की कुठल्या बांधकामावर विटा वाहू लागला, हे मला आजतागायत कळलेले नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी त्या घरी गेले असते तर दाखला हातात दिला असता. निदान त्याच्या आईला एवढे सांगितले असते की, "कुठेही जा, जवळच्या सरकारी शाळेत पोराला घाला. दाखला यायला उशीर झाला म्हणून त्याला नाकारता येत नाही, तसा कायदा आहे." २००९ साली झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्काचा कायदा हेच सांगतो. कायदा माझ्या कपाटात होता. त्या आईला सांगायला मी गेले नव्हते.

असो. आता कोणी म्हणेल, ही एका खेड्यातली जुनी गोष्ट. तर नंतरची सांगते.

करोनाची साथ आली आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ते वादळ गारांचे नव्हते, पण त्यानेही शाळेला कुलूप लावले, आणि चार दिवसांसाठी नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यात नववी ते बारावीचे वर्ग उघडू लागले, जानेवारी २०२१ च्या अखेरीस पाचवी ते आठवीचे. जरा श्वास घेतो न घेतो तोच आपल्या जिल्ह्यात साथ पुन्हा वाढली. फेब्रुवारीच्या अखेरीस अमरावती आणि अचलपूरला टाळेबंदी झाली, आणि ती वाढवली तेव्हा त्यात आपल्या अंजनगाव सुर्जीचेही नाव आले. ते दिवस आपण सगळ्यांनी दाराआड काढले आहेत.

नेमक्या त्याच फेब्रुवारीत माझी धाकटी लेक टेक्सासात दुसऱ्याच संकटात होती. टेक्सास म्हणजे अमेरिकेचा दक्षिणेकडचा उष्ण मुलूख. उन्हाळा म्हटला तर आपल्या वऱ्हाडाला बहीण शोभेल असा. तिथे १३ ते १७ फेब्रुवारी २०२१ या दिवसांत बर्फाचे वादळ झाले. ज्या गावांना गोठवणाऱ्या थंडीची सवय नाही तिथे नळातले पाणी गोठले, नळ फुटले, घरांत पाणी शिरले. वीज गेली ती ४५ लाखांहून अधिक घरांची. एक कोटीहून जास्त लोकांच्या पाण्याची दैना झाली, कित्येक शहरांत पाणी उकळून प्या असे सांगावे लागले. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे मेली. अमेरिकेसारखा श्रीमंत देश, पण तिथेही माणसे थंडीने घरात गारठून मेली. शाळा तर बंदच. साथीमुळे पुष्कळ मुले घरूनच संगणकावर शिकत होती, पण वीज नाही तर संगणक कुठला? काही शाळांच्या इमारतींतही नळ फुटले, त्यांना उघडायला आणखी दिवस लागले.

लेकीचा फोन लागला तेव्हा तिच्या आवाजात थकवा होता. "आई, आम्ही चौघे एका खोलीत, सगळ्या दुलया अंगावर घेऊन बसलो होतो. आता वीज आली." मी मास्तरीण, मी लगेच विचारले, "आणि शाळा कधी उघडणार गं?" ती म्हणाली, "उघडेल. पण त्याआधी शाळेतून विचारणा आली आहे. घरात वीज आहे का? पिण्याचे पाणी आहे का? खायला आहे का? अभ्यासाचे नंतर पाहू म्हणाले."

फोन ठेवला आणि मी तशीच बसून राहिले. 'अभ्यासाचे नंतर पाहू.' हे तीन प्रश्न २०१४ मध्ये मी चौसष्ट घरी जाऊन विचारले असते तर! त्यासाठी अमेरिका लागत नव्हती, संगणक लागत नव्हता. चपला पायात घालून गावात एक फेरी मारायची होती.

आपल्याकडे पुढे ४ ऑक्टोबर २०२१ पासून खेड्यांत पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून शाळा उघडल्या. त्यानंतर लहान मुलांच्या. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद, आणि त्याच महिन्यात २४ तारखेपासून पुन्हा सुरू. एवढ्या वेळा उघडझाप झाली. ज्या घरी एकच मोबाईल, तोही बापाच्या खिशात, तिथल्या मुलांची अक्षरे पुसली गेली होती. मी तेव्हा निवृत्त झाले होते. पण आपल्या गल्लीत मी आणि आपल्या मंडळाच्या तिघी भगिनी रोज संध्याकाळी दोन-दोन दारे करीत होतो. विचारायचे एवढेच: "लेकरू शाळेत जाते का? नाही तर का नाही?" उत्तरे ऐकून आम्ही चकित झालो. एकीचा गणवेश आखूड झाला होता, तिला लाज वाटत होती. एक मुलगा गोडाऊनमध्ये पोती मोजायला बसला होता, त्याला रोज मिळू लागला होता. एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळत होती. आणि एका मुलाला वाचायला येईनासे झाले होते. तो सहावीत होता आणि वर्गात सगळ्यांसमोर ते उघड होईल म्हणून तो पोट दुखते म्हणत होता. यातले एकही कारण कुठल्याही हजेरीपटावर लिहिलेले नसते. तिथे फक्त 'गै' असते.

आता मुद्द्याची गोष्ट. शाळेची इमारत पाहणे हे शाळेचे आणि सरकारचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडून करून घेतलेच पाहिजे. छप्पर पडले तर पंचनामा, तारा लोंबल्या तर वीजवाल्यांना निरोप, पाणी बिघडले तर तपासणी. परंतु कोणते लेकरू घरी बसले आहे आणि का बसले आहे, हे सरकारला कळायच्या आधी शेजारणीला कळते. तिला चूल पेटली की नाही हे धुरावरून कळते. म्हणून हे काम आपले आहे.

त्यासाठी मी मंडळापुढे एक लहानशी योजना ठेवते. प्रत्येक गल्लीसाठी दोघींनी एक वही करावी. त्यात शाळेत जाणाऱ्या मुलांची नावे, वर्ग आणि आईचे नाव असावे. वादळ, पूर, साथ, काहीही होऊन शाळा बंद पडली, की शाळा उघडायच्या आदल्या दिवशी त्या दोघींनी त्या सगळ्या घरांची फेरी करावी. प्रश्न चारच. घरावर छप्पर आहे का? आज स्वयंपाक झाला का? वह्यापुस्तके आणि कपडे शाबूत आहेत का? आणि चौथा प्रश्न आईला नव्हे, लेकराला विचारायचा, जरा बाजूला घेऊन: "तुला कशाची भीती वाटते का?" जे कळेल ते दुसऱ्या दिवशी शाळेत सांगायचे. कुटुंब गाव सोडून चालले असेल तर नवा पत्ता आणि फोन लिहून घ्यायचा, दाखल्याचे समजावून सांगायचे. मग तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी वही पुन्हा पाहायची. माझ्या अनुभवाने सांगते, जे मूल पंधरा दिवसांत परतत नाही ते परतणे अवघड होऊन बसते, कारण तोवर घराला त्याच्या हातांची सवय झालेली असते.

दुसरे. शाळा व्यवस्थापन समिती म्हणून एक समिती असते. कायद्याने तिच्यात पाऊण सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणींची खुर्ची तिथे ठेवलेली आहे. मी मुख्याध्यापिका असताना सभेचे रजिस्टर बायकांच्या घरी पाठवून सह्या आणलेल्या पाहिल्या आहेत. खरे सांगायचे तर एकदोनदा मीही पाठवले आहे. घाई होती, सभेला कोणी आले नव्हते, वरून कागद मागितला होता. ती घाई चूक होती. तुमच्या घरी असे रजिस्टर आले तर नम्रपणे सांगा, "सही सभेतच करीन." आणि सभेला जा. तिथे विचारा: गारा पडल्या तर मुले कोणत्या खोलीत बसवणार? तांदूळ जमिनीवर ठेवता की फळीवर? वीज बंद करायचे बटण मुलांना दाखवले आहे का? कपाटातली पुस्तके पावसात भिजली तर काय, आणि मुलाच्या घरी भिजली तर काय? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. पावसाळ्याआधी घर शाकारणाऱ्या प्रत्येक बाईला हे प्रश्न सुचतात.

एक शंका मला माहीत आहे. काही भगिनी म्हणतील, "आम्ही लोकांच्या घरी जाऊन विचारायचे, तर ते म्हणणार, या कोण आल्या चौकशी करणाऱ्या?" म्हणतील, खरेच म्हणतील. मलाही म्हणाले. यावर उपाय एकच. रिकाम्या हाताने आणि वरच्या आवाजात जाऊ नये. त्या मुलीच्या घरी दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी नवी वही आणि वाटीभर डिंक घेऊन गेले, आणि आम्ही दोघींनी मिळून ते पुस्तक पुन्हा बांधले. चिकटलेली पाने सुटली नाहीत. तसेच ते पुस्तक मी वाचनालयात परत ठेवले, आणि सगळ्या पुस्तकांतल्या माझ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. त्या जागी नवी चिठ्ठी लावली: 'पुस्तक भिजले, फाटले तर बाईंना दाखवा. आपण नीट करू.' मी निवृत्त होईपर्यंत भिजलेली पुस्तके पुष्कळ आली. हरवलेले एकही नाही.

अध्यक्षीणबाई घड्याळाकडे पाहू लागल्या आहेत, तेव्हा आवरते घेते. मंडळाने या एका वर्षात फार मोठे काही करावे असे माझे मागणे नाही. हिवाळा पुन्हा येणार आहे, आभाळ पुन्हा फिरणार आहे. त्याआधी गल्लीगल्लीच्या वह्या तयार असाव्यात. पहिली वही मी माझ्या गल्लीची करून आणली आहे. ती इथे चिटणीसबाईंच्या स्वाधीन करते. सत्तावीस नावे आहेत. ज्यांना आपल्या गल्लीची करायची आहे त्यांनी चहा घेता घेता माझ्यापाशी यावे, कोऱ्या वह्या मी पिशवीत आणल्या आहेत.